पुसदला जायचं, पण दिग्रस टाळून

यवतमाळात आमच्या लोहाऱ्याच्या घराच्या फाटकातून गाडी बाहेर काढली की समोरच दारव्हा रोड लागतो. उजवीकडे वळायचं आणि सरळ सुटायचं. आधी दारव्हा, मग दिग्रस, मग पुसद. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतलं काम, कुणाला रस्ता विचारायचीही गरज नाही. तरीही आम्ही डावीकडे वळलो, सकाळच्या गर्दीतून अख्खं यवतमाळ पार केलं आणि पलीकडच्या आर्णी रोडला लागलो. असं का केलं, ते सांगायला ही पोस्ट लिहितेय. पुसदच्या डोंगरात दोन दिवस निवांत काढायचा बेत असेल तर रस्ता, जेवण, मुक्काम सगळं यात सापडेल. मधूनमधून आमचे बाबा येतील, त्याला माझा इलाज नाही.

मी नागपूरला असते. डिसेंबरात चार दिवसांची रजा जुळून आली, लेकाची परीक्षा असल्यामुळे तो आणि त्याचा बाप घरी थांबले, आणि मी एकटीच गाडी घेऊन माहेरी आले. कुठंतरी जाऊ या, म्हटलं. माझ्या डोक्यात टिपेश्वर होतं, वाघ दिसला तर दिसला. पण आईनं एकदम पुसदचं काढलं. तिकडे डोंगरात शेतावर राहायची सोय झालीय, इसापूरच्या धरणावर पक्षी येतात, असं बरंच काही ती बोलली. जिनं आयुष्यात कधी चिमणीकडे मान वर करून पाहिलं नाही तिला पक्ष्यांचा एवढा पुळका कुठून आला, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

बाबा लगेच तयार झाले. रस्ता आखायचा म्हटलं की ते कशालाही तयार होतात. नोकरीभर ते सरकारी कचेरीत आरेखक होते, म्हणजे रस्त्यांचे नकाशे हातानं काढायचं काम. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, पेनं आणि स्टीलची पट्टी अजून कपाटात आहे. जेवण झाल्याबरोबर टेबल पुसून घेतलं आणि बसले. तासाभरात नकाशा तयार. आर्णी, महागाव, पुसद. मधली गावं, फाटे, पूल, चहाची ठिकाणं, सगळं सुबक अक्षरात. मी कौतुकानं पाहत होते, आणि पाहता पाहता लक्षात आलं की पुसदच्या वरच्या बाजूला कागद कोराच आहे. दारव्हा होतं, मानोरा होतं, पण दिग्रस नव्हतं.

"बाबा, दिग्रस राहिलं."

"आपल्याले तिकडून जायचं नाही."

"पण नकाशात तर पाहिजे ना?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि आर्णीचा रस्ता कसा मस्त काँक्रीटचा झालाय ते सांगायला लागले. वीसेक किलोमीटर जास्त पडतात, पण गाडीला त्रास नाही, वेळ तेवढाच. मुद्दा बिनतोड होता, आणि तो खोटा होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दिग्रसला कमलआत्या राहते. बाबांची मोठी बहीण. ते तिला 'बाई' म्हणतात, आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणायची रीत आहे. आणि दुसरी रीत अशी की ज्या गावात आपलं माणूस आहे त्या गावावरून पुढे जायचं तर आधी त्याच्या घरी जायचं. घाई असो, पाऊस असो, निदान पाणी पिऊन निघायचं. गावावरून गेला आणि घरी आला नाही, हा अपमान. जो गावाच्या वाटेलाच गेला नाही, त्याला कोणी काही म्हणत नाही. इकडच्या कुठल्याही घरात प्रवास ठरला की आधी किलोमीटर मोजत नाहीत, वाटेत कोण कोण राहतं ते मोजतात. आमच्या एका काकांना अमरावतीला जायचं असलं की नेर लागतं आणि नेरला व्याही. मुलीच्या लग्नापासून ते बिचारे धामणगावला जाऊन रेल्वे धरतात.

अकरा वर्षांपूर्वी बाबांकडून हीच चूक झाली. कचेरीतल्या कुणाच्या तरी मुलीचं पुसदला लग्न होतं, साहेबांच्या जीपमधून चौघं-पाच जण गेले. आदल्या दिवशी बाबांनी आत्याला फोन केला होता की परतताना येतो. आत्यानं सोलेभात टाकला. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे, थंडीत इकडे घराघरात त्याचा भात होतो. वांग्याची भाजी केली आणि वाट पाहत बसली. जीप दिग्रसला आली, बसस्टँडसमोर दहा मिनिटं थांबली, सगळ्यांनी चहा घेतला आणि यवतमाळला निघून गेली. आत्याच्या शेजारणीनं बाबांना हातात कप घेऊन उभं असलेलं पाहिलं, आणि घरी जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला होता. मी तेव्हा घरीच होते, आवाज बाहेरपर्यंत येत होता. "दिग्रस तुया रस्त्यात येते सुधाकर, मी येत नाही," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. बाबा तसे मऊ माणूस, पण तेव्हा त्यांचंही डोकं फिरलं. मंग दिग्रसच रस्त्यात येणार नाही, म्हणाले. तेव्हापासून नाही आलं. आम्ही आतेमामे भावंडं एकमेकांना भेटतो, हसतो-खिदळतो. ती दोघं मात्र एकाच मांडवात दोन टोकांना जेवतात.

निघायच्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. आत्याच्या मुलानं तिला फोन केला होता. संक्रांतीनंतर तो आत्याला पुण्याला आपल्याकडे बोलावून घेणार होता. कायमची. घर भाड्यानं देऊन टाकणार. बाबांना हे ठाऊक नव्हतं.

"मग सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"घरी सांगतलं तर म्हणतीन, जाऊ एखाद्या दिवशी. तो दिवस अकरा वर्षांत नाही आला, आता महिन्याभरात येईन काय? एकदा गाडी तिकडं गेली पाहिजे, बस. मंग ते घरी गेल्याशिवाय राहत नाही."

तर असा एकूण कट होता. पक्षी वगैरे सगळं नावाला.

सव्वाआठला निघालो. आर्णी रोड खरोखर उत्तम आहे, बाबांचं तेवढं कबूल केलं पाहिजे. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका वेचणीला लागलेल्या, तुरीला शेंगा धरलेल्या. बाबा पुढच्या सीटवर, मांडीवर नकाशा, आणि बोलणं सगळं रस्त्याच्या कडेच्या दगडांवर. मला ही गोष्ट चाळीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हालाही सांगते. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, आणि केशरी दिसलं की समजायचं आपण खेड्याच्या रस्त्याला लागलो. मग काय, पुसदपर्यंत मी दगडच बघत होते. आर्णीला आलूबोंडा आणि तर्री खाल्ली. तर्री म्हणजे तिखटजाळ लाल रस्सा, नाकातून पाणी आलं. तिघांचं चहासकट दीडशेत भागलं.

महागावला महामार्ग सोडला की दगड बदलतात आणि रस्ताही. पुसद जवळ आलं तसे डोंगर सुरू झाले. मोठे नाहीत, पण रस्ता वळायला लागतो, दोन्हीकडे साग येतो, आणि यवतमाळच्या माणसाला आपण कुठंतरी लांब आलोय असं वाटायला तेवढं पुरतं. मुक्काम पुसदच्या पुढे एका तांड्याजवळ होता. इंदूबाई नावाच्या बंजारा बाईंनी शेतात दोन खोल्या बांधल्यात. खोली साधी आणि स्वच्छ, गरम पाणी चुलीवरचं, दोन वेळच्या जेवणासकट माणशी बाराशे रुपये. जेवायला ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याचं भरीत आणि अंगणातल्या गाईचं ताक. इंदूबाई आईला पहिल्या मिनिटापासून 'याडी' म्हणायला लागल्या. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. आई एकदम खूश.

त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, कोणत्या रस्त्यानं आले? आर्णीवरून, बाबा म्हणाले. एवढ्या लांबून काहून, दिग्रसवरून जवळ पडते ना, त्या म्हणाल्या. बाबांनी काँक्रीटचं पुराण पुन्हा एकदा लावलं. मी आणि आई ताटात बघत जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी इसापूर धरण. पुसदहून शेंबाळपिंपरीच्या बाजूनं जायचं, मधला रस्ता बराच खराब आहे, सकाळी लवकर निघा. पाणी मात्र नजर पोचेल तिथवर. पलीकडचा काठ दुसऱ्या जिल्ह्यात, बाबांनी माहिती दिली. पक्षी होते, भरपूर होते, आम्हाला एकाचंही नाव आलं नाही. जाळी वाळवत बसलेल्या एका माणसाला विचारलं, तर तो म्हणाला की खायचे असले तर नावं माहीत असतात, हे पाहायचे आहेत. आई पदर डोक्यावर घेऊन दगडावर बसली आणि बाबा पाण्याकडे बघत उभे राहिले. या पाण्याखाली किती गावं गेली असतील आणि त्यांचे रस्ते कुठंकुठं जात होते, याचा ते विचार करत होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी तेच सांगितलं.

"नकाशातून गाव काढाचं काम लय वाईट असते," ते म्हणाले. "मी दोनदा केलं."

 तिसऱ्यांदा दिग्रसचं केलं, हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

तिसऱ्या दिवशी परतीला निघालो. सकाळी पुसदमध्ये हवा भरायला थांबलो. तिथून पुढे चौक येतो, एक रस्ता महागावकडे, एक दिग्रसकडे. माझा बेत असा होता की फोनवरचा नकाशा मोठ्या आवाजात लावायचा आणि त्याच्यावर ढकलून द्यायचं. लावलाही. फोनमधली बाई म्हणाली, दिग्रसकडे वळा. बाबा म्हणाले, तिले काय समजते. मी मुकाट्यानं महागावचा इंडिकेटर दिला. चाळीस वर्षांची झाले तरी बाबांपुढे माझी ही गत, काय सांगू.

तेवढ्यात मागून आईनं सांगून टाकलं. कुठलीही प्रस्तावना नाही.

"कमलताई संक्रांतीनंतर पुण्याले चालल्या. कायमच्या. घर भाड्यानं देऊन राह्यले."

मी गाडी बाजूला घेतली. बाबांनी विचारलं, कोण म्हणालं? आईनं सांगितलं. मग ते खाली उतरले, डिकीतून फडकं काढलं आणि समोरची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती. पूर्ण पुसली, दोन्ही आरसे पुसले, फडकं झटकून त्याची घडी केली आणि आत येऊन बसले.

"बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जाचं?"

आईनं पायाशी ठेवलेली पिशवी पुढे केली. आत साडी होती, निळ्या काठाची. बाबांनी मागे वळून आईकडे पाहिलं.

"म्हंजे हे घरूनच ठरलं होतं."

"घरूनच," आई म्हणाली.

मी इंडिकेटर बदलला.

दिग्रसचा रस्ता कुठं चांगला, कुठं उखडलेला, पण बघायला आर्णीपेक्षा सुंदर. गाव जवळ आलं की बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले दिसतात, जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेले. कापसाचे ट्रॅक्टर ओळीनं उभे होते, त्यामुळे वीस मिनिटं अडकलो. एरवी बाबांनी वैतागून आकाशपाताळ एक केलं असतं. आज फक्त नकाशाची गुंडाळी हातात घट्ट. बसस्टँडवरून पुढे गेलो तेव्हा त्यांनी तिकडे बघितलं नाही.

आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. चष्मा नवा, केस पूर्ण पांढरे. बाबांना फाटकात पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, आणि आईला म्हणाली, या, बसा. बाबांना काहीच म्हणाली नाही. पाणी आलं, मग चहा. बोलणं आईशी, माझ्याशी, माझ्या लेकाच्या परीक्षेबद्दल. बाबा खुर्चीच्या कडेवर टेकून बसलेले. मला वाटलं, झालं, चहा संपला की उठायचं, आणि जे जोडायला आलो ते होतं त्याहून वाईट करून जायचं.

मग आत्यानंच विचारलं, कोणत्या रस्त्यानं आले? पुसदहून, बाबा म्हणाले. अन् जातानी? आर्णीवरून.

आत्यानं मान हलवली. म्हणाली, तिचं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नागपूरला, तीन खेपा झाल्या. मी चमकले. नागपूरला? माझ्या गावी येऊन मला माहीत नाही? आणि दिग्रसहून नागपूरचा रस्ता तर यवतमाळवरूनच जातो.

"तुले सांगतलं असतं तर सुधाकरले कळलं असतं. अन् कारंजा, अमरावतीवरून गेलती," ती म्हणाली. "दोन एसट्या बदलून."

"एवढा फेरा?" बाबांच्या तोंडून गेलं. "डोळ्याले पट्टी बांधून? यवतमाळवरून काहून नाही?"

"यवतमाळवरून गेली असती तर तुया घरी यावं लागलं असतं. न येता कशी जाऊ रे मी तुया गावावरून?"

 मला हे सरळ लिहून टाकू दे की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षं आम्हाला वाटत होतं की ही दोघं एकमेकांना टाळतायत. ती दोघं एकमेकांचा अपमान होऊ नये म्हणून फेरे घालत होती. हा दिग्रस चुकवून, ती यवतमाळ चुकवून.

"जीप साहेबाची होती, बाई," बाबा म्हणाले. "त्याईले उजेडात घरी पोचाचं होतं. मले थांबवा म्हणता आलं नाही. लाज वाटली मले."

"मंग हे तवाच सांगाचं होतं ना."

"तेची पण लाज वाटली."

आत्यानं सूप पुन्हा पुढे ओढलं. सोललेल्या दाण्यांकडे बघितलं, अंदाज घेतला, आणि आईला म्हणाली, अजून थोडे सोला, भात टाकते. आम्ही दुपारी तीनपर्यंत तिथंच होतो. सोलेभात, वांगी, वरून कच्चं तेल. बाबांनी तीनदा घेतलं, आणि आईनं शुगरची आठवण करून दिली नाही. निघताना आत्यानं साडी कपाळाला लावली. तू घरून कधी निघणार, बाबांनी विचारलं. पाहू, म्हणाली.

दारव्ह्यावरून संध्याकाळी घरी पोचलो. तीन दिवसांचा एकूण खर्च पेट्रोलसकट तिघांचा साडेदहा हजारांच्या आत. रस्त्याचा सल्ला विचाराल तर असा: गाडी नवी आणि घाई असेल तर आर्णीवरून जा. रस्ता बघायचा असेल, कापूस बघायचा असेल, तर दिग्रसवरून जा. आणि दिग्रसला तुमचं कोणी असेल तर मला विचारूच नका.

ही पोस्ट इथं संपणार होती, लिहून ठेवलीही होती. पण संक्रांत झाली आणि आत्यानं बाबांना कळवलं की ती पुण्याची बस यवतमाळहून धरणार. आता ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही बस यवतमाळहून निघते आणि दिग्रसवरूनच पुण्याला जाते. म्हणजे पाऊणशे किलोमीटर उलटं यायचं, आणि त्याच रस्त्यानं परत जायचं. बाबांनीही तिला हे समजावून पाहिलं. माहेराहून निघाची आहे मले, एवढंच ती म्हणाली.

मीही नागपूरहून आले. आत्या एक दिवस राहिली. आईनं तिची ओटी भरली. बाबांनी कपाटातून नकाशा काढून दाखवला, कोऱ्या जागी दिग्रस भरलेलं होतं, त्यात आत्याच्या घराची खूणही. आत्यानं नवा चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, माह्य घर रेल्वेच्या नाही, जिनिंगच्या बाजूले आहे. दुपारी चारच्या बसला आम्ही तिला बसवून आलो.

सहा वाजून गेल्यावर बाबांचा फोन वाजला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"दिग्रस आलं," आत्या म्हणाली. "दहा मिनिटं थांबली गाडी. स्टँडवर चहा घेऊन राह्यली मी."

मागून बसचे, माणसांचे आवाज येत होते. घराची किल्ली तिनं आदल्या दिवशीच भाडेकरूला दिली होती.

"सुधाकर, दहा मिनिटांत घरी जाऊन येता येत नाही रे."

बाबांनी फोन तोंडाजवळ धरला.

"चहा पिऊन घे बाई," ते म्हणाले. "गाडी सुटन."